संकल्पातले गोत्र

चातुर्मासात आत्याबरोबर एका प्रवचनाला गेले होते, त्याला आता सात-आठ वर्षे होऊन गेली, तरी त्या संध्याकाळचे एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मंदिराच्या सभामंडपात सतरंज्यांवर दीडेकशे माणसे बसली असतील, त्यांत शंभरावर बायकाच, आणि निरूपणाच्या ओघात बुवा म्हणाले, "स्त्रीमुक्ती घरात शिरली आणि सगळं घरच मुक्त झालं. आई मुक्त, बाबा मुक्त, आणि पोर पाळणाघरात!" सभामंडपात हशा पिकला. माझ्या शेजारी मांडीवर कापूस घेऊन फुलवाती वळत बसलेली आत्याही हसली. मी मात्र ताठ बसून राहिले आणि घरी येताना रस्ताभर तिला व्याख्यान दिले. ती निमूटपणे ऐकत होती. फाटकाशी आल्यावर पिशवीतून किल्ली शोधत म्हणाली, "अगं, त्यांचं बोलणं संपलं की आरती असते. मी आरतीसाठी जाते."

त्या वेळी मला ते उत्तर पळवाटेसारखे वाटले होते. आता तसे वाटत नाही, पण ते पुरेसे वाटते असेही नाही. धर्मनिष्ठ माणसे स्त्रीवादाबद्दल जे बोलतात त्याला उत्तर द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून चिकटला आणि तो सोडवायला मी मागे मागे जात राहिले. मागे गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की बुवांचे म्हणणे जुने आहे, फार जुने. स्त्रियांना हक्क दिले तर घर मोडेल, हे सगळे साहेबाकडून उसने आणलेले आहे, आणि आपल्या धर्माने स्त्रीला आधीच देवी मानले असताना तिला वेगळे काही मागायची गरजच काय, या तीन सुरांपलीकडे ही टीका गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत फारशी गेलेली नाही. उत्तरे मात्र बदलत गेली, आणि माझे कुतूहल त्या उत्तरांविषयी आहे.

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती जन्मठेपेवर आली. त्यानिमित्ताने पुण्याच्या 'पुणेवैभव' पत्राने सरसकट स्त्रीजातीवर ताशेरे झोडले. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे छोटे पुस्तक छापून प्रसिद्ध केले. इंग्रजीत 'फेमिनिझम' हा शब्द आजच्या अर्थाने अजून रुळलाही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे. त्यामुळे 'उसने आणले' हा आक्षेप निदान या बाईंपुरता तरी टिकत नाही. ताराबाईंच्या लेखनाची मला भावणारी जागा ही की त्या धर्माच्या अंगणातच उभ्या राहून भांडतात. नवरा देव असेल तर त्याने देवासारखे वागायला नको का, असे त्या विचारतात. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली, पण बायकोचे प्राण परत आणायला यमाच्या दारी गेलेला एखादा नवरा कोणी ऐकला आहे का, हा त्यांचा प्रश्न कथा न नाकारता कथेचाच काटा उलटा फिरवतो. त्या पुराणातल्या देवांनाही सोडत नाहीत. या धारेमुळे सुधारकी सत्यशोधक मंडळींतूनही त्यांच्यावर टीका झाली आणि १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांना आपल्या 'सत्सार' या नियतकालिकातून त्यांची पाठराखण करावी लागली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला माहीत नाही, आणि हे एकुलते पुस्तकही १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणीपर्यंत जवळजवळ विस्मरणात पडले होते. उत्तर इतके धारदार असूनही ते नव्वद वर्षे कुणाच्या कानी नव्हते. अर्थात, त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना विसरून जाणे सोपेच होते.

रुखमाबाईंना मात्र विसरणे कुणाला शक्य झाले नाही, कारण त्यांचे प्रकरण कोर्टात होते. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर सासरी नांदायला गेली नाही, म्हणून नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात तिच्यावर दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. पुढे अपील होऊन दावा परत सुनावणीला आला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. आपण तुरुंग पत्करू, पण जाणार नाही, ही रुखमाबाईंची भूमिका होती. 'केसरी'ने त्यांच्या विरोधात बाजू घेतली. मुलींना शिकवल्याचे फळ काय मिळते ते बघा, असा एकंदर सूर होता आणि धर्म बुडत असल्याची हाकाटी तर होतीच.

या प्रकरणातला जो तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. न नांदणाऱ्या बायकोला कोर्टामार्फत घरी आणवण्याचा हा दावा, म्हणजे वकिलांच्या भाषेत वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा, हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला होता आणि इंग्रजी कायद्याच्या बोटाला धरून हिंदुस्थानात पोचला होता. पिन्ही यांनी १८८५ मध्ये हेच दाखवून दिले होते. शिवाय खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये, म्हणजे दादाजीने दावा लावला त्याच वर्षी, असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद काढून टाकली होती. म्हणजे परधर्मीयांच्या चर्चमधून आलेला, त्यांच्याच देशात दात काढून घेतलेला एक उपाय इथे सनातन धर्म म्हणून छातीशी धरला जात होता, आणि जी बाई तो झुगारत होती तिला साहेबाची नक्कल करणारी ठरवले जात होते. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती हसत बसले. नंतर हसू मावळले, कारण हा उपाय १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आला आणि आजही आहे. इंग्लंडने तो १९७० च्या कायद्याने रद्द केला. आपल्याकडे कौटुंबिक न्यायालयाच्या बाकड्यावर बसलेल्या बायका आजही 'त्यानं नाइनचा दावा टाकलाय' असे सहज बोलून जातात. रुखमाबाईंचे प्रकरण १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर मिटले, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर बायकांची शुश्रूषा केली, आणि सप्टेंबर १९५५ मध्ये, म्हणजे हिंदू विवाह कायदा होऊन चार महिने झाल्यावर, त्या वारल्या. त्या कायद्याने हिंदू स्त्रीला घटस्फोट दिला आणि त्याच कायद्यात त्यांच्यावर ओढवलेला दावाही जपून ठेवला.

तेव्हापासून 'आपली परंपरा' असे कुणी म्हणाले की कुठल्या वर्षापासूनची, हे विचारायची मला सवय लागली आहे. ही सवय एकाच धर्मापुरती ठेवून चालत नाही. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात स्त्रियांनी मजारीपर्यंत जाऊ नये, हा दंडक अनादी असल्यासारखा सांगितला जात होता, पण विश्वस्तांनी तो घातल्याला अवघी काही वर्षेच झाली होती आणि त्याआधी बायका आत जाऊन माथा टेकत होत्या. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या कोर्टात गेल्या त्या राज्यघटना आणि आपली श्रद्धा दोन्ही हातांत धरून, आणि २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. त्याच्या पन्नास वर्षे आधी, १८ एप्रिल १९६६ रोजी, हमीद दलवाईंनी तोंडी तलाकच्या विरोधात मुंबईत काढलेल्या मोर्चात सात मुस्लिम स्त्रिया होत्या. फक्त सात. त्या सात जणींना घरी गेल्यावर काय ऐकावे लागले असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पंडिता रमाबाईंना तर दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागले. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा पुण्यात त्यांच्यावर उठलेले मोहोळ सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी विधवांसाठी काढलेले 'शारदा सदन' १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात सापडले आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, हेही ठाऊक आहे. पण त्या इंग्लंडात असताना चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी स्त्रीने पुरुषांना शिकवणे योग्य नाही म्हणून हरकत घेतली. ज्या बाईला तिच्या पांडित्यासाठी कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिली होती, तिला नव्या धर्माच्या धुरिणांनी जुन्या धर्माच्या धुरिणांचेच वाक्य ऐकवले. रमाबाईंनी तेही मुकाट्याने ऐकून घेतले नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा आग्रह धरणारी ही बाई कुणाच्याच गोठ्यात बांधून राहणारी नव्हती.

आता देवीपणाचा मुद्दा. 'यत्र नार्यस्तु पूज्यन्ते' हा श्लोक महिला दिनाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी म्हणतोच, आणि लगेच दुसरे कुणीतरी त्याच मनुस्मृतीतला 'न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति' तोंडावर फेकते. पहिला तिसऱ्या अध्यायातला, दुसरा नवव्यातला. माझे मत विचाराल तर दोघांत विरोध नाहीच. तिसऱ्या अध्यायातल्या त्या पूजेचा खुलासा पुढच्याच काही श्लोकांत येतो, आणि तो सणासमारंभाला स्त्रियांना दागिने, वस्त्रे, भोजन देऊन संतुष्ट ठेवावे असा आहे. जिला खूश ठेवायचे आणि जिला मोकळे सोडायचे नाही, ती एकच बाई. श्लोकाला श्लोक हे उत्तर किती काळ पुरते, याविषयी म्हणूनच मला शंका वाटते, जरी डॉ. भांडारकरांनी १८९१ च्या संमतिवयाच्या वादात शास्त्राधार काढून सनातन्यांना त्यांच्याच मैदानात गाठले होते. तो कायदा शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची दहाची मर्यादा बारावर नेत होता, एवढेच! आणि एवढ्यासाठी दोन्ही बाजूंचे विद्वान गर्भाधानाच्या वचनांचा कीस काढत होते, परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये असे टिळक म्हणत होते, आणि ज्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीबद्दल हे चालले होते तिला बोलावून विचारण्याचे कारण कुणालाच पडले नव्हते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली ती या कीस काढण्याला कंटाळूनच, असे मला वाटते. महाराष्ट्रातल्या आंबेडकरी स्त्रिया तो दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. हिंदू कोड बिलावर डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, करपात्री महाराजांसारख्यांनी त्याविरुद्ध रान उठवले, आणि तेच बिल पुढे १९५५-५६ मध्ये चार तुकड्यांनी संमत झाले. ही कथा पुष्कळांनी सांगितली आहे, मी ती पुन्हा सांगत नाही.

मी बुवांकडे परत येते, कारण त्यांच्यावर थोडा अन्याय होतो आहे. पाळणाघराचा त्यांचा प्रश्न खोटा नाही. लहान मुलांना आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना बघायचे कुणी, हा प्रश्न खरा आहे, आणि आमच्या बाजूच्या पुष्कळ भाषणांत तो एका वाक्यात गुंडाळला जातो, हे मी स्वतः अशी भाषणे केली आहेत म्हणून सांगते. बुवांच्या वाक्याला हसणाऱ्या त्या बायका मूर्ख नव्हत्या. आपण आयुष्यभर जे केले त्याला कुणीतरी, निदान एका व्यासपीठावरून, मोलाचे म्हणते आहे, याचे समाधान त्या हसण्यात होते. स्त्रीवादाने घरकामाला श्रम म्हटले, त्याचा हिशेब मागितला, पण हे बोलणे त्या सतरंजीपर्यंत क्वचित पोचले आणि पोचले तेव्हा त्या बायकांना त्यात आपली कीव केल्यासारखे वाटले. बुवांनी कीव केली नाही, कौतुक केले. फक्त त्या कौतुकाची खरी किंमत मोजायची वेळ आली की ते पुन्हा आईकडेच वळले. 'बाबा मुक्त' हे शब्द त्यांच्या वाक्यात यमक जुळवण्यापुरते आले होते, त्यावर ते पुढे काहीच बोलले नाहीत.

आणि आत्या? तिचे उत्तर मला दोन वर्षांनी कळले. काका गेल्यावर वर्षभराने तिने स्त्रियांच्या पौरोहित्य वर्गात नाव घातले. महाराष्ट्रात ही गोष्ट नवी नाही. साकोरीला उपासनी महाराजांच्या कन्याकुमारी संस्थानात स्त्रिया वेदमंत्रांसह यज्ञयाग करत आल्या आहेत, आणि पुण्यात शंकर सेवा समितीने सत्तरच्या दशकात गृहिणींना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली तेव्हाही 'बायकांना अधिकार नाही' असे म्हणणारे होतेच. मला मात्र तिचा निर्णय ऐकून हसू आले. मी तिला म्हणाले, "ज्यांनी तुला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, त्यांच्याच पूजा सांगायला चाललीस तू?" ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "पूजा त्यांची नाहीये गं, देवाची आहे." त्या दिवशी मी जे केले ते बुवांनी केले त्याहून फार वेगळे नव्हते. त्यांनी तिला घराची देवी केले, मी तिला व्यवस्थेची बळी केले, आणि ती स्वतः काय करू बघते आहे हे दोघांनीही विचारले नाही.

संत बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत एक जागा आहे. वेद आणि पुराणे ओरडून सांगतात की स्त्रीच्या संगतीत हित नाही, आणि मी तर जन्मानेच स्त्री, मग मला परमार्थ साधायचा कसा, असे त्या सतराव्या शतकात विचारतात. नवरा तुकोबांच्या भक्तीवरून मारहाण करतो, आणि ही बाई एकीकडे पतिव्रताधर्माचे अभंग रचते आणि दुसरीकडे तुकोबांना गुरू करते, दोन्ही सोडत नाही. पूर्वी मला ही तडजोड वाटायची, तिच्या पतिव्रताधर्माच्या ओळी मी वाचताना गाळायची. आता गाळत नाही. त्या गाळल्या तर तिला काय मोजावे लागले याचा अंदाजच येत नाही.

मागच्या श्रावणात आत्याचा गुडघा दुखत होता, म्हणून तिची पिशवी धरायला मी एका सत्यनारायणाला तिच्याबरोबर गेले. पिशवीत ताम्हन, पळी-पंचपात्र, गंगाजलाची बाटली आणि पानोपानी चिकटपट्ट्या लावलेली पोथी होती. पोथीच्या समासात तिने स्वतःच्या अक्षरात श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा केल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे घर होते, चौरंगाला केळीचे खुंट बांधून झाले होते, आणि सोफ्यावर बसलेल्या आजोबांनी आम्हाला बघून मुलाला विचारले, मोठ्याने, "गुरुजी नाही का मिळाले? बाईंनी पूजा सांगितलेली चालते का?" मुलगा गडबडला. मी तोंड उघडणार होते, ताराबाई, रुखमाबाई, साकोरी, सगळे जिभेवर तयार होते. आत्याने पाटावर बसत पदर खोचला, पळीने ताम्हनात पाणी सोडले आणि वर बघून शांतपणे विचारले, "आजोबा, संकल्पात गोत्र काय सांगू?"

आजोबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "काश्यप." आणि सवयीनेच त्यांचे हात जोडले गेले.

पूजा दीड तास चालली. तिचे उच्चार स्वच्छ आहेत, कथा ती सांगते तीही घाई न करता, आणि आरतीच्या वेळी आजोबा तिच्यापेक्षा वरच्या पट्टीत म्हणत होते. शेवटी यजमानीणबाई कुंकवाची कुयरी घेऊन आल्या, त्यांनी मला हळदकुंकू लावले, आणि आत्यासमोर आल्यावर त्यांचे बोट कुयरीतच राहिले. त्या बिचाऱ्या खरोखर अडकल्या होत्या. ज्या बाईने आत्ताच त्यांच्या घरी देव आवाहन करून बसवला तिला कुंकू लावायचे की नाही, याचे उत्तर त्यांच्या सासूने त्यांना कधी दिले नसणार. आत्या नारळ पिशवीत भरत होती. मान वर न करता म्हणाली, "कुंकवाचं बघू निवांत. आधी दक्षिणेचं पाकीट द्या बाई, नाहीतर दोघीही विसरू." यजमानीणबाई सुटल्यासारख्या हसल्या, आत गेल्या, पाकीट घेऊन आल्या, आणि परत येताना त्यांनी काय ठरवले कुणास ठाऊक, पाकीट देता देता पटकन आत्याच्या कपाळाला बोट लावून मोकळ्या झाल्या.

जिन्यात दुसऱ्या मजल्यावर आत्या कठड्याला धरून थांबली. मला वाटले गुडघा. तिने पाकीट उघडून नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाली, "मागच्या वर्षी इथे गुरुजी होते, त्यांना पाचशे जास्त दिले होते यांनी. मला शेजारणीनं सांगितलंय." कपाळावरचे कुंकू नाकावर थोडे सांडले होते, ते तिला ठाऊक नव्हते. मी म्हटले, वर जाऊन विचारू या का? "आत्ता नको," ती म्हणाली आणि पाकीट कमरेला खोचून पुढची पायरी उतरली. "पुढच्या वेळी फोनवरच ठरवून घेईन."